जुन्या घरातील वीज: आधी अर्थिंग, मग वायर, शेवटी बटणे

सोलापूरच्या उत्तर कसब्यात, साखर पेठेत, शुक्रवार पेठेत किंवा टिळक चौकाच्या आसपास जी जुनी घरे अजून नांदती आहेत, त्यांपैकी अनेकांमध्ये घर आधी उभे राहिले आणि वीज नंतर आली. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचे धाबे, आणि भिंतीवरून सागवानी पट्टीवर खिळवून नेलेली, चार दिवे, एखादा पंखा व रेडिओ यांच्यापुरती ओढलेली वायर, असे त्यांचे मूळ स्वरूप होते. आज त्याच वायरीवर फ्रिज, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटार आणि उन्हाळाभर चालणारा कूलर यांचा भार आहे. घरमालक खर्च करायला तयार होतो, तेव्हा तो बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. भिंतीवर चकचकीत मॉड्युलर बोर्ड बसतात आणि त्यांच्यामागे हात लावताच आवरण झडणारी वायर तशीच राहते. पैसे बेताचे असतील तर बटणे जुनी राहिली तरी चालते. अर्थिंग, म्हणजे उपकरणांचे पत्रे जमिनीशी जोडणारी व्यवस्था, आणि विजेची गळती ओळखणारा ब्रेकर मात्र आधी झाला पाहिजे. पुढील कामांचा क्रम याच हिशेबाने दिला आहे.

कोणते काम कोणाचे

खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि मीटर हा महावितरणचा भाग आहे. मीटरचे सील ग्राहकाने किंवा त्याच्या वायरमनने तोडू नये. तेथे ठिणग्या दिसल्या, वायर लोंबकळू लागली किंवा टर्मिनल तापल्याचा वास आला, तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मीटरच्या पुढे, म्हणजे मेन स्विचपासून शेवटच्या दिव्यापर्यंत, सारी जबाबदारी घरमालकाची असते. त्या भागातही झाकण उघडून करायचे प्रत्येक काम परवानाधारक वायरमननेच करावे. नवख्या माणसाने स्वतः करायच्या गोष्टी म्हणजे पाहणे, वास घेणे, मेन बंद करणे, चाचणीचे बटण दाबणे आणि सारे लिहून ठेवणे. या गोष्टी किरकोळ वाटल्या तरी वायरमनच्या निम्म्या चुका टळतात त्या घरमालकाला काय विचारायचे हे माहीत असल्यामुळे.

पहिले काम: दिवसाउजेडी पाहणी

मेन स्विच बंद करून, हातात बॅटरी घेऊन, मीटरपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक खोलीचा एक साधा नकाशा काढावा: दिवे किती, प्लग किती, कोणते बटण कशाचे. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा, कारण मेन बंद असतानाही इन्व्हर्टरच्या वायरीत पूर्ण दाबाची वीज असते आणि याचा विसर अनुभवी माणसालाही पडतो.

पाहणीत प्रथम वायरीची जात ओळखावी. सुती विणीचे आवरण असलेली रबरी वायर दिसली, तर तिच्या दुरुस्तीचा विचारच करू नये. कालांतराने रबर कडक होऊन तडकते आणि वायर जराशी वाकवली तरी आतील तार उघडी पडते. अशी वायर शक्य तितकी न हलवता बदलण्याच्या यादीत सर्वांत वर लिहावी. पांढुरक्या रंगाची ॲल्युमिनियमची वायर असेल, तर ती जेथे तांब्याच्या वायरीला नुसती पिळून जोडली आहे त्या जागांवर खूण करावी. दोन वेगळ्या धातूंचा हा सांधा हवेतील ओलाव्याने गंजतो, सैल होतो, तापतो आणि बऱ्याचदा ठिणगीचे मूळ तोच असतो.

त्यानंतर चिनी मातीचे फ्यूज पाहावेत. त्यांत फ्यूजच्या तारेऐवजी एखाद्या जुन्या वायरीतील तांब्याचे दोन-तीन पदर गुंडाळलेले आढळले, तर त्या सर्किटला संरक्षण नाही असेच धरून चालावे. जुन्या मेन बोर्डावर बऱ्याचदा फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) एक आणि न्यूट्रललाही (परतीच्या तारेला) एक असे दोन फ्यूज असतात. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, घरातील माणूस वीज गेली असे समजून होल्डरला हात लावतो, आणि फेज मात्र होल्डरपर्यंत आलेलीच असते. न्यूट्रलमधील हा फ्यूज वायरमनकडून काढून तेथे सलग जोड करून घ्यावा.

याशिवाय पट्टीला वाळवी लागली आहे का, धाब्यातून पावसाळ्यात गळते ती जागा आणि वायर एकत्र येतात का, पत्र्याच्या धारेवरून वायर उघडी गेली आहे का, आणि कोणत्या प्लगभोवती काळे-पिवळे डाग पडले आहेत, हेही लिहावे. डाग म्हणजे सैल जोड, आणि सैल जोड म्हणजे उष्णता.

दुसरे काम: अर्थिंग आहे का, आणि जिवंत आहे का

जुन्या घरांत तीन प्रकार दिसतात. काही घरांत अर्थिंग कधी नव्हतेच. सारे प्लग दोन पिनांचे. काही घरांत तीन पिनांचे प्लग आहेत, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायर नाही. तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. पूर्वी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधण्याची पद्धत होती आणि पाइप जमिनीत दूरवर गेलेला असल्याने ती चालूनही जात असे. मधल्या काळात नळाचे पाइप प्लास्टिकचे झाले. तार आजही पाइपच्या उरलेल्या तुकड्याला बांधलेली दिसते, पण तो तुकडा जमिनीला कोठेच मिळालेला नाही. उलट कूलरची गळती त्या तारेतून न्हाणीघरातील तोटीपर्यंत पोचू शकते. अशी जोडणी आढळली तर ती काढून टाकणे आणि स्वतंत्र अर्थिंग करणे ही दोन्ही कामे एकाच दिवशी व्हावीत.

काही जण प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तारेचा तुकडा जोडून ‘अर्थिंग करून देतात’. हे कधीही मान्य करू नये. मागे कोठेतरी न्यूट्रल तुटला की फेज उपकरणातून फिरून त्याच तुकड्यावाटे फ्रिजच्या किंवा कूलरच्या पत्र्यावर येते, आणि उपकरणात कोणताही बिघाड नसताना शॉक बसतो.

नवे अर्थिंग करताना घराच्या भिंतीपासून साधारण दीड मीटर दूर, जेथे पाणी घालता येईल अशी जागा निवडावी. पाइप अर्थिंगमध्ये सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा पुरतात आणि त्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात. खाली काळा पाषाण लागून तेवढी खोली मिळत नसेल, तर प्लेट अर्थिंग किंवा तयार केमिकल इलेक्ट्रोड यांचा पर्याय वायरमनशी बोलून ठरवावा.

येथे सोलापूरच्या मातीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगाळते आणि पाइपभोवती पोकळी निर्माण होते. म्हणजे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि घराघरांत कूलर सुरू होतात, नेमक्या त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. मार्च ते जून या काळात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा तरी बादलीभर पाणी घालावे. भांडी धुतलेले पाणीही चालते. काम झाल्यावर वायरमनला अर्थ टेस्टरने मोजणी करायला सांगावी आणि आकडा लिहून घ्यावा. तो ५ ओहमच्या आत असल्यास उत्तम. नुसता टेस्टर पेटला किंवा न पेटला, यावरून अर्थिंगची पारख होत नाही.

तिसरे काम: आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारा ब्रेकर

अर्थिंग झाले म्हणजे शॉकचा प्रश्न मिटला, असा समज आहे. साधा हिशेब करून पाहावा. समजा, उन्हाळ्यात अर्थिंगचा रोध ५० ओहम झाला आहे आणि कूलरच्या पत्र्याला आतून फेज टेकली. २३० व्होल्टला ५० ने भागले की ४.६ अँपिअर येतात. एवढ्याने ५ अँपिअरचा फ्यूज वितळत नाही आणि १६ अँपिअरचा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसवायचा, जादा भाराने आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. कूलर चालू राहतो आणि त्याचा पत्रा जवळजवळ पूर्ण दाबावर उभा असतो. रोध ५ ओहम असला तरी प्रवाह ४६ अँपिअरच्या पुढे जात नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडेल, पण तत्काळ नव्हे. माणसाला मात्र अँपिअरही लागत नाही. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे हाताची पकड सुटेनाशी होते.

आरसीसीबी, ज्याला बाजारात अजूनही ईएलसीबी म्हणतात, तो फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो. दोहोंत फरक पडला म्हणजे काही प्रवाह पत्र्यातून, भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जात आहे, असे समजून तो सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचाच घ्यावा. १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचे आरसीसीबी आगीचा धोका कमी करण्यासाठी असतात आणि माणसाचे रक्षण त्यांच्यावर सोडता येत नाही. त्यावर लिहिलेला दुसरा आकडा, २५, ४० किंवा ६३ अँपिअर, हा त्याची वाहण्याची क्षमता सांगतो आणि तो मेन एमसीबीच्या आकड्यापेक्षा कमी नसावा. आयएसआय चिन्ह पाहून, पावतीसह, ओळखीच्या इलेक्ट्रिकल दुकानातून तो घ्यावा.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला आरसीसीबी वाचवू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक दिवाच. जादा भार किंवा शॉर्ट सर्किटही त्याला कळत नाही. त्यासाठी एमसीबी हवाच. दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओ मिळतो, पण तो महाग पडतो.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की पहिल्या आठवड्यात तो वारंवार पडणार, हे गृहीत धरावे. घरातील मंडळी वैतागतात, वायरमनला बोलावले जाते आणि तो ‘माल खराब आहे’ असे सांगून आरसीसीबी वगळून थेट जोड देऊन जातो. हे टाळण्यासाठी शोध कसा घ्यायचा ते घरमालकाला ठाऊक असावे. सर्व प्लग काढावेत, सर्व एमसीबी खाली (बंद) करावेत, आरसीसीबी वर (चालू) करावा आणि मग एकेक एमसीबी वर करत जावे. ज्या एमसीबीला आरसीसीबी पडला त्या सर्किटमध्ये गळती आहे. सारे एमसीबी वर गेले आणि फ्रिजचा प्लग लावताच पडला, तर दोष फ्रिजमध्ये आहे. सर्व एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल, तर एखाद्या न्यूट्रलची गाठ अर्थशी पडली असण्याची शक्यता असते, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल सोडून पाहण्याचे ते काम वायरमनचे आहे. दोन खोल्यांनी एकच न्यूट्रल वापरणे आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळणे ही आरसीसीबी पडण्याची नेहमीची कारणे आहेत. धाब्याच्या घरात पावसाळ्यातच पडत असेल, तर ओल्या भिंतीतील एखादा बोर्ड शोधावा.

चौथे काम: डीबी आणि भाराची वाटणी

चिनी मातीचे फ्यूज काढून त्या जागी डीबी (सर्व एमसीबी बसवण्याची पेटी) बसवताना सर्व घर एका एमसीबीवर टाकू नये. दिवे-पंखे, साधे प्लग, स्वयंपाकघर, मोटार आणि गिझर यांची सर्किटे वेगळी ठेवावीत. प्रत्येक उपकरणावरील वॅटच्या आकड्याला २३० ने भागले की ढोबळ अँपिअर मिळतात: २००० वॅटचा गिझर ८.७, १५०० वॅटचा पाणी तापवण्याचा रॉड ६.५, १००० वॅटची इस्त्री ४.३. यावरून ५ किंवा ६ अँपिअरच्या लहान प्लगमध्ये रॉड लावणे का चुकीचे आहे ते कळते. २०० वॅटचा कूलर मात्र एक अँपिअरही घेत नाही. त्याचा धोका भारात नाही. तो पाणी, पत्रा आणि वीज एकत्र येण्यात आहे.

एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. त्यामुळे तो सारखा पडतो म्हणून मोठ्या आकड्याचा बसवणे म्हणजे भिंतीतील वायरीलाच फ्यूज बनवणे होय.

पाचवे काम: वायर बदलणे

पैसे एकदम नसतील तर एकेक सर्किट बदलावे. सुरुवात स्वयंपाकघर, मोटार आणि कूलरचा प्लग येथून करावी. तांब्याची, आयएस ६९४ प्रमाणातील वायर घ्यावी. दिवे-पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, प्लगसाठी २.५ चौरस मिलिमीटर आणि १६ अँपिअर, गिझर किंवा एसीसाठी ४ चौरस मिलिमीटर आणि २० अँपिअर, हे प्रमाण बहुतेक घरांना पुरते. पत्र्याच्या छताखालून जाणारी वायर एक माप मोठी घ्यावी, कारण मे महिन्यात पत्र्याखालची हवाच इतकी तापते की वायरीची वाहण्याची क्षमता घटते. फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा हे रंग सोडू नयेत. ‘हिरवी संपली, म्हणून काळी टाकली’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. पुढच्या वायरमनच्या जिवाचा तो प्रश्न असतो. दिव्याचे बटण फेजमध्येच आहे, न्यूट्रलमध्ये नाही, हेही काम संपल्यावर तपासून घ्यावे.

पांढऱ्या मातीच्या किंवा दगडाच्या भिंती कन्सील वायरिंगसाठी फोडू नयेत. माती पोकळ होते, पाऊस मुरतो आणि वाड्याची भिंत उगाच दुबळी होते. भिंतीवरून प्लास्टिकची केसिंग पट्टी नेणे दिसायला थोडे साधे, पण दुरुस्तीला सोपे असते आणि या घरांसाठी माझ्या मते तेच योग्य आहे. काम संपल्यावर वीज सुरू करण्यापूर्वी मेगर या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने आवरणाची चाचणी करून घ्यावी. आकडा एक मेगाओमच्या खाली असेल तर जोड पुन्हा तपासावेत.

कूलर, मोटार आणि वाळणी

पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचाच प्लग असावा आणि आतील मोटारीजवळ हिरवी वायर पत्र्याला स्क्रूने आवळलेली असावी. दरवर्षी माळ्यावरून कूलर काढल्यावर पंपाची वायर कोठे कुरतडली आहे का ते पाहावे, कारण वर्षभर तेथे उंदरांचा वावर असतो. पाणी भरताना नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या बोर्डात बटण न्यूट्रलवर असू शकते, म्हणून प्लगच काढावा. लहान मुलांना पाणी भरण्याचे काम सांगू नये.

नळाला पाणी काही दिवसांआड आणि अवेळी येत असल्याने हौदावरची मोटार घाईत चालू केली जाते, अनवाणी पायांनी, ओल्या फरशीवर, खिडकीतून आणलेल्या जोडवायरीवर. मोटारीसाठी कायमचा १६ अँपिअरचा प्लग, छपराखाली, जमिनीपासून पुरेशा उंचीवर बसवावा, मोटारीच्या बॉडीला अर्थ द्यावा आणि जोडवायर कायमची बाद करावी. न्हाणीघरात रॉड वापरणे सोडता आले तर सोडावे. गिझरचे बटण बाहेर ठेवावे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने गिझरच्या कॉइलवर थर बसतो आणि नळी तडकली की पाण्यातच गळती येते. अशा वेळी आरसीसीबी पडला तर तो पुन्हा पुन्हा वर न करता गिझर तपासून घ्यावा.

कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी तार बांधू नये. ती पत्र्याच्या शेडला, सर्व्हिस वायरीच्या आधाराच्या तारेला किंवा पंख्याच्या जुन्या हुकाला बांधलेली असते, आणि यांपैकी कशातही गळती आली की ओल्या कपड्यासह ती थेट हातात येते. नायलॉनची दोरी पुरेशी आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घरांत यंत्रमाग चालत होते किंवा अजून चालतात, तेथे तीन फेजचा पुरवठा असतो. तेथे चार पोलचा आरसीसीबी लागतो, आणि न्यूट्रलचा जोड सैल झाल्यास काही खोल्यांत दाब २३० व्होल्टच्या कितीतरी वर जाऊन उपकरणे जळतात. म्हणून दिवे अचानक प्रखर होऊ लागले, तर लगेच मेन बंद करावा. मागांजवळच्या बोर्डात साचणारे सुताचे तंतू मेन बंद ठेवून वेळोवेळी झाडावेत.

वायरमन आणि वीजभार

काम देण्यापूर्वी परवाना पाहावा आणि कोणत्या मापाची, कोणत्या कंपनीची वायर लागेल ते कागदावर लिहून घ्यावे. एसी किंवा मोठा गिझर घ्यायचा असेल, तर बिलावरील मंजूर भार पाहून आवश्यक असल्यास महावितरणकडे वीजभार वाढवण्याचा अर्ज करावा. सर्व्हिस वायर जुन्या भाराच्या हिशेबाची असते.

शॉक बसल्यास

चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. प्रथम मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करावी. रस्त्यावरील तुटलेल्या तारेबाबत मात्र तेही करू नये. दूर राहून १९१२ ला कळवावे. माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे. शुद्धीवर असला तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड उशिराही दिसू शकतो.

काम झाल्यानंतर

डीबीच्या दाराच्या आतील बाजूस एक कागद चिकटवावा. त्यावर कोणता एमसीबी कशाचा, अर्थिंगचा मोजलेला आकडा व तारीख, आणि वायरमनने कोणत्या खोलीतील वायर बदलली व कोणती राहिली, एवढे लिहावे. आरसीसीबीवरील ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का हे पाहावे आणि त्याची तारीखही तेथेच नोंदवावी. वीजबिल भरायचा दिवस त्यासाठी सोयीचा असतो. बटण दाबूनही तो पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलावून बदलून घ्यावा आणि तोपर्यंत कूलर, मोटार व गिझर बंद ठेवावेत.